शटरखालचे दोन हॉर्न

निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षं झाली. भोपाळच्या अवधपुरीत घर बांधलं, गुडघे गेले, साखर वाढली. पण जानेवारीत स्वयंपाकघराची खिडकी मी कुणाला लावू देत नाही. सून कुरकुरते, "आई, गारठून मरू आपण." गारठून कुणी मरत नाही गं बाई, असं म्हणून मी विषय तिथेच थांबवते. कारण सांगायला बसलं तर सगळंच सांगावं लागेल, आणि तेवढा दम माझ्यात कधी नव्हताच. आज घरात कुणी नाही, म्हणून बसलेय.

मी भोपाळातल्या एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, मी इथेच शिकले, परीक्षा दिली, कारकून म्हणून लागले आणि रखडत रखडत एका शेडची प्रमुख झाले. शेड लांबलचक, पण छत बुटकं. वरचे झरोके कबुतरांच्या त्रासापायी पत्रा ठोकून बंद केलेले. आत-बाहेर करायला एकच मोठं शटर, साखळीनं वर-खाली होणारं, आणि ती साखळी माझ्या टेबलाला लागून. घरी म्हणाल तर टाउनशिपमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, दोन शाळकरी मुलं, आणि नवरा इटारसीला नोकरीवर, रविवारी उगवणारा. पहाटे पाचला उठून सासूबाईंचं सगळं करून, डबे भरून, आठच्या भोंग्याला हजर. त्या वर्षांतलं काय आठवतं विचाराल, तर झोप न झाल्याचं आठवतं.

शेडमधलं जड सामान फोर्कलिफ्ट उचलायची. पुढे दोन लांब लोखंडी काटे, ते पेटीखाली सरकवायचे, पेटी वर घ्यायची आणि हवी तिथे नेऊन ठेवायची. ती चालवणाऱ्यांना मी चाचा म्हणायचे. वयानं माझ्या वडिलांसारखे, सडपातळ, दाढी नीट कातरलेली. चारचौघांत ते मला "मैडम" म्हणत आणि आजूबाजूला कुणी नसलं की "बिटिया". त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा दोन बोटं रुंद आणि चपटा होता. तो अंगठा फोर्कलिफ्ट यायच्या आधीचा.

ते लागले तेव्हा शेडमध्ये गाडी नव्हतीच. आठ-आठ माणसं पेटीखाली लोखंडी पाइप सरकवायची, पहारीनं मागून रेटायची, आणि "ज़ोर लगा के" म्हणत ती पेटी इंच इंच पुढे जायची. एकदा पाइप घसरला आणि अंगठा पेटीखाली गेला. पट्टी बांधलेल्या हातानं चाचा कामावर आले त्याच सुमारास पहिली डिझेलची फोर्कलिफ्ट आली. जो तो लांबून बघत होता, कुणी वर चढेना. चाचा चढले. "सोचा, अंगूठा तो गया, अब और क्या जाएगा," असं सांगून ते हसायचे. शेडचे पहिले ड्रायव्हर ते, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत.

डिझेलची गाडी म्हणजे नुसता धूर. दुपारी नाक शिंकरलं तर रुमाल काळा, डोळ्यांची आग, फायलींवर काजळी. त्या धुरापायी शटर कायम वर असायचं, ऊन असो, पाऊस असो, थंडी असो. मी त्या गाडीला इतक्या शिव्या दिल्यात की पुण्य सगळं त्यातच संपलं असेल. पण तो धूर बिचारा सांगून सवरून यायचा.

मग बॅटरीची गाडी आली. आवाज नाही, धूर नाही आणि दुपारी दोननंतर जीवही नाही. भर कामात मान टाकायची, ढकलत चार्जिंगला न्यायची. चाचा तिला "बीमार बेगम" म्हणायचे. डिझेलवाली आणि बेगम अशा दोघी आलटून पालटून कित्येक वर्षं चालल्या. दोघींना एक नियम सारखाच होता. शटरखालून आत-बाहेर करताना दोनदा हॉर्न द्यायचा, म्हणजे पायी येणारा बाजूला होईल. चाचांचं क्वार्टर कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. त्यांच्या बायकोला घरात बसून तो हॉर्न ऐकू यायचा, आणि "बज रहा है, मतलब ठीक हैं," असं म्हणून ती आपल्या कामाला लागायची. हे चाचांनीच मला लाजत लाजत सांगितलं होतं.

आमच्या शेडची एक रीत होती. ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी त्याची फोर्कलिफ्ट झेंडूच्या माळांनी सजवायची. तो स्वतः ती चालवत मेन गेटपर्यंत जाणार, बाकीचे मागून चालणार, आणि गेटवर घरची माणसं उभी असणार. गेटवर चावी पुढच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची आणि उतरायचं. साहेब लोकांना निरोप समारंभ, घड्याळ, भाषणं. ड्रायव्हरला एवढंच. चाचांनी त्यांच्यानंतर गाडी शिकलेल्या, पण वयानं मोठ्या अशा चार जणांच्या मागून चालत जाऊन टाळ्या वाजवल्या होत्या. पाचवी पाळी आपली, हे त्यांनी मनात पक्कं धरलेलं होतं आणि बायकोलाही सांगून ठेवलेलं होतं.

त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना गॅसची गाडी आली.

शिकवायला कंपनीचा एक माणूस आला. त्यानं फळ्यावर चित्र काढून सगळं सांगितलं. इंजिन मुळात पेट्रोलचंच. परदेशात बंद गोदामांमध्ये धूर नको म्हणून त्याच इंजिनाला पेट्रोलऐवजी सिलिंडरचा गॅस द्यायला लागले, आणि हळूहळू गाड्याच त्या गॅससाठी बनू लागल्या. सिलिंडर गाडीच्या पाठीवर आडवा झोपवलेला. त्यातून गॅस पातळच बाहेर येतो, इंजिनाच्या गरम पाण्यावर त्याची वाफ होते, मग तो जळतो. "धूर नाही, वास नाही, चार्जिंग नाही. पाच मिनिटांत सिलिंडर बदला की गाडी परत कामाला," तो म्हणाला. शेवटी हवा खेळती ठेवा, असंही काहीतरी म्हणाला, पण तेवढ्यात चहा आला. त्यानं दिलेल्या सूचना मी हिंदीत लिहून भिंतीला चिकटवल्या. पुढे त्यावर कुणीतरी सोसायटीचं कॅलेंडर टांगलं. टांगलं म्हणजे मीच टांगलं, दुसरा खिळा नव्हता.

पण हे भोपाळ आहे. इथे गॅस म्हटलं की माणसाला आधी सिलिंडर आठवत नाही. चौऱ्याऐंशी साली वायुगळती झाली तेव्हा चाचांचं घर जुन्या शहरात होतं. त्या रात्रीनं त्यांचा धाकटा भाऊ नेला आणि त्यांच्या छातीत एक घरघर कायमची ठेवली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सिलिंडरकडे बघितलं आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "डीज़ल पे बैठूँगा, बेगम पे बैठूँगा. इस पे नहीं."

दोन्ही जुन्या गाड्या भंगारात निघणार होत्या. गॅसवर जो बसणार नाही त्याला ड्रायव्हरच्या जागेवरून काढून सामान मोजायला बसवणार, असं वरून आलं होतं. मला दुसरा ड्रायव्हर मागायचा म्हणजे चार महिने अर्ज, विनंत्या आणि बोलणी खाणं. तेवढी ताकद माझ्यात नव्हती. खरं सांगते, चाचांच्या भल्यासाठी मी समजावलं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले, पण निम्मं ते माझ्या सोयीसाठी होतं.

मी म्हटलं, "चाचा, मग शेवटच्या दिवशी गेटपर्यंत पायी जाणार का?"

 ते शटरकडे बोट करून म्हणाले, "ये कभी नीचे नहीं आएगा. मैं गाड़ी पे हूँ तब तक नहीं. वादा करो, बिटिया."

मी साखळीवर हात ठेवून म्हटलं, "वादा."

पहिल्यांदा सिलिंडर बदलताना जोडणीतून फस्स करून जरासा गॅस निघाला आणि पितळेवर पांढरं हिव जमलं. चाचा दहा पावलं मागे पळाले. कुणी हसलं नाही. पण महिनाभरात त्यांचं आणि त्या गाडीचं जमलं. रोज सकाळी ते साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडावर लावायचे, बुडबुडा येतो का बघायचे, मग डोळे मिटून दोनदा खोल वास घ्यायचे. वास नाही म्हणजे सगळं ठीक. आम्हीही त्यांच्या तोंडाकडे बघायचो, ते मान हलवायचे आणि काम सुरू. भोपाळच्या माणसाला गॅस नाकानं कळतो, यावर आम्हा सगळ्यांचा पक्का विश्वास. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! सिलिंडर कधीच गळला नाही. आमच्यावर जे आलं ते मागच्या नळकांड्यातून, जळून गेलेल्या गॅसमधून आलं. त्याला ना रंग ना वास.

जानेवारीत दरवर्षी शेडमधल्या मालाची मोजणी असायची. प्रत्येक पेटी काढायची, वस्तू मोजायच्या, कार्डाशी ताडून बघायच्या, पेटी परत ठेवायची. त्या आठवड्यात थंडी अशी पडली होती की बोटं वळत नव्हती. सासूबाईंना दोन दिवस ताप, धाकट्याला खोकला, आणि मी तिसऱ्या दिवशी बिनझोपेची. उघड्या शटरमधून वारा नुसता आत घुसत होता. मी कार्डं लावली की वारा उडवायचा, परत लावली की परत उडवायचा. अकराच्या सुमारास माझी शंभरएक कार्डं सगळ्या शेडभर झाली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. मी उठले आणि साखळी ओढली. शटर खाली आलं.

चाचा मागून एक पेटी घेऊन येत होते. त्यांनी गाडी थांबवली. "मैडम, वादा था."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "चाचा, वास येतोय का? नाही ना? मग काढा गाडी."

त्यांनी डोळे मिटून दोनदा वास घेतला. प्रामाणिक माणूस. "नहीं आ रहा," म्हणाले, आणि गाडी पुढे काढली.

शेडमध्ये मग छान ऊब आली. कार्डं जागेवर राहू लागली. मोजणीला दिलेले दोघे लोडर जेवायला बाहेर गेले तेव्हा त्यांनी शटर वाकण्यापुरतं वर केलं आणि पुन्हा खाली सोडलं. चाचा आणि मी आतच थांबलो, काम उरकावं म्हणून. माझं डोकं दुखायला लागलं होतं. पण माझं डोकं रोजच दुखायचं! मळमळत होतं, तर वाटलं उपाशी आहे. पाय जड झाले होते, तर ते कधी हलके होते? माझ्या अंगात जे जे होत होतं ते सगळं मला ओळखीचं होतं, म्हणून मी कार्डं लावत राहिले.

मग गाडी रॅकला हळूच टेकली, धक्का म्हणावा असाही नाही. मी मान वर केली. चाचा स्टिअरिंगवर डोकं ठेवून होते आणि इंजिन शांतपणे चालू होतं. मी हाक मारली. साखळीकडे हात नेला, तर हात दुसरीकडेच गेला. कशीबशी साखळी धरली आणि तिला लोंबकळलेच, शटर हातभर वर झालं, आणि मी तिथेच बसले. जेवून परत येणाऱ्या दोघांनी आम्हाला ओढत बाहेर काढलं.

मी तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून घरी आले. चाचांची छाती आधीच निकामी, त्यांना तीन आठवडे लागले. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. गॅस असो नाहीतर पेट्रोल, बंद जागेत इंजिन चालवलं की एक विषारी वायू साठतो, तो दिसत नाही, त्याला वास येत नाही, माणसाला फक्त थकल्यासारखं वाटतं. फक्त थकल्यासारखं! मला हसावं की रडावं कळेना.

चाचा बरे झाल्यावर चौकशी झाली. टेबलापलीकडे तीन साहेब, अलीकडे आम्ही दोघं. प्रश्न एकच होता, शटर कुणी बंद केलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण मी श्वास घेते तोवर चाचा म्हणाले, "मैंने किया साहब. ठंड लग रही थी."

आणि मी तोंड मिटलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "तुम्हारी नौकरी लंबी है, बिटिया. मेरी छह महीने की." मी रडले, पण परत आत गेले नाही. दारापासून ते टेबल पंधरा पावलांवर होतं.

कागदावर चालकाचा निष्काळजीपणा असं आलं. चाचांना गाडीवरून काढलं आणि माझ्याच शेडमध्ये, माझ्या समोर, खिळे-नटबोल्ट मोजायला स्टुलावर बसवलं. गाडीवर दुसऱ्या शेडमधला ड्रायव्हर आला. शेडच्या दारावर हवेचा मोठा पंखा बसला, झरोक्यांचे पत्रे निघाले, शटरला वरच अडकवून ठेवणारा हुक लागला. सगळं झालं. फक्त मी मूग गिळून बसले. रोज सकाळी ठरवायचे, आज साहेबांना सांगायचं, म्हणजे चाचांना गाडी परत मिळेल, निदान शेवटच्या दिवसापुरती. रोज संध्याकाळी वाटायचं, आज फार दमले, उद्या. सहा महिन्यांत उद्या किती येतात, मोजून बघा.

त्यांच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी एकदाची गेले. साहेबांसमोर उभी राहून म्हटलं, "शटर मी बंद केलं होतं. त्यांना आज गाडीवर बसू द्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाई, आता कशाला? फाइल बंद झाली. चौकशी पुन्हा उघडायची तर महिना लागेल, त्यांना आज पाचला जायचंय." आणि मला पाणी दिलं. मी पाणी पिऊन परत आले.

लोडरांनी कुठूनतरी झेंडूच्या माळा आणल्या होत्या. नवा ड्रायव्हर म्हणाला, चाचा, काट्यांवर फळी टाकतो, तुम्ही त्यावर बसा, मी नेतो. चाचांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "सामान थोड़े ही हूँ," म्हणाले. माळा तशाच टोपलीत राहिल्या. पाच वाजता त्यांनी डबा उचलला, शटरपाशी थांबले, मान वर करून हुक नीट लागलाय ना ते बघितलं, आणि चालू लागले. मागून आम्ही दहा-बारा जण. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाला सुचल्याच नाहीत. मी त्यांच्या बरोबरीनं चालत होते. साहेबांकडे गेले होते, असं त्यांना सांगावंसं वाटत होतं, आणि ते सांगायचीही लाज वाटत होती.

गेटवर त्यांची बायको, मुलगी, जावई उभे होते. बायकोनं नवी साडी नेसली होती, हातात मिठाईचा डबा. ती आमच्या मागे रस्त्याकडे बघत होती. गाडी कुठाय, तिनं विचारलं.

"ख़राब है आज," चाचा म्हणाले, आणि पाया पडणाऱ्या जावयाला आशीर्वाद द्यायला वळले.

तेव्हा मला कळलं की गाडीवरून काढल्याचं घरी त्यांनी सांगितलेलंच नाही. सहा महिने डबा घेऊन स्टुलावर बसायला येत होते आणि घरी ड्रायव्हरच होते. त्यांची बायको माझ्याजवळ आली. मिठाई माझ्या हातावर ठेवली आणि हळूच म्हणाली, "मैडम, आपने ही समझा के इनको उस गाड़ी पे बैठाया था. इन्होंने बताया है. गाड़ी सच में ख़राब है ना?"

मी म्हटलं, "हो. खराब आहे."

तेवढ्यात मागे शेडकडून दोनदा हॉर्न वाजला. नवा ड्रायव्हर गाडी घेऊन शटरखालून आत जात होता. तिनं तो हॉर्न इतकी वर्षं घरात बसून ऐकला होता. तिनं शेडकडे बघितलं, मग नवऱ्याच्या पाठीकडे, मग माझ्याकडे.  नवऱ्याच्या हातातला डबा घेतला आणि "चलिए" म्हणाली.